कड्याजवळचा हात

१४ तारीख, मंगळवार, दुपार

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. लांबूनच करतोय, म्हणजे मला उठवायला तुला वाकावं लागणार नाही. वाकणं पूर्ण बंद केलंय असं वहिनींनी लिहिलं होतं. ताईकडे खालच्याच खोलीत सोय झाली हे बरं झालं, जिना तुला आता जिवावर आला असता. ताई बोलायला तिखट आहे, पण पाठ शेकायला पाणी गरम करून देते ना? मग तिचं बोलणं या कानाने ऐकायचं आणि त्या कानाने सोडून द्यायचं.

इकडे सगळे ठीक. चिमीची काळजी करू नकोस. लेक तुझी असली तरी माझ्या घरात ती पाहुणी नाही. खिडकीपाशी तिला अभ्यासाला कोपरा करून दिलाय. तुझी भावजय रोज सकाळी तिच्या घट्ट वेण्या घालते आणि ती रोज सकाळी बोंबलते. गणितात वर्गात पहिली आली. परीक्षेला तीन महिने राहिले. तोवर तिला हलवायचं नाही हे आपलं ठरलंच आहे.

काल तुझ्या अर्जाची चौकशी झाली. मला बोलावलं होतं. दुसऱ्या कोणाकडून उलटसुलट कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. निकाल अजून लागलेला नाही. कंपनीचा नियम तुला पाठ असेल, तरी लिहितो, कारण सगळं त्यावरच अडलंय. कामामुळे ज्याची तब्येत मोडली त्याला हलकं काम द्यायचं, आणि जो मुळातच कमी पडत होता त्याला घरी पाठवायचं. म्हणजे तुझी पाठ लोखंड वाहायच्या दांड्याने मोडली असं ठरलं तर स्टोअरमधली खुर्ची तुझी. तू आधीपासूनच कमकुवत होतास असं ठरलं तर फाटक बंद.

तोच मोठा डॉक्टर आला होता, तपासणीच्या दिवशीचा. त्या दिवसाची आठवण काढू नये, पण त्याने तुझं कार्ड काढून सगळ्यांसमोर वाचलं. लाकडी पायरीवर पाच मिनिटं चढउतार, दोन मिनिटं दहा सेकंदांनी थांबला. मुठीची पकड, डावी बरी, उजवी कमी. आणि ते साखळीचं, फळीवर उभं राहून कमरेतून वर ओढायचं, तिथे लिहिलंय, ‘काटा हलला, कामगार खाली बसला.’ तुला उठवायला दोघं लागले हे कार्डावर नाही. मागून कोणीतरी ‘क्रेन बंद पडली’ म्हणालं तेही नाही. तुला क्रेन म्हणायचे ते कौतुकानेच म्हणायचे रे. त्या दिवशी तेवढं जरा वेगळं ऐकू आलं. मी हसलो नव्हतो. हसलो असेन तर सगळ्यांबरोबर.

मग माझं कार्ड वाचलं. पायरी पूर्ण पाच मिनिटं, नंतर मिनिटभरात नाडी जागेवर. साखळीचा काटा पार वर. भट्टीवरच्या माणसाची चाळिशीला अशी तब्येत आपण पाहिलेली नाही, असं डॉक्टर म्हणाला. मला संकोच वाटला. पण संकोच वाटला तरी छाती फुगायची ती फुगतेच.

पुढे त्याने विचारलं की दोघं एकाच कामावर, एकाच जोडीत अकरा वर्षं, मग कार्डं अशी का. त्याला आपलं काम नीट माहीत नव्हतं. लोखंड सगळीकडे यंत्रानेच नेतात असं त्याला वाटत होतं. मुकादमांनी मला समजावून सांगायला लावलं. मी सांगितलं की वरचं यंत्र भिंतीकडच्या लहान साच्यांपर्यंत पोचत नाही, तिथे माणसं जातात. मध्ये लोखंडी कडं, कड्यात वितळलेल्या लोखंडाचं भांडं, कड्याच्या दोन्ही बाजूंना दांडा, आणि दोन टोकांना दोघं. भट्टीपासून साच्यापर्यंत चाळीस पावलं. वाटेत थांबायचं नाही, बोलायचं नाही, जोडीदाराकडे बघायचं नाही, पायाखालून नजर काढायची नाही. शेजारची जोडी दांडा कुठे धरते हे बघायला कोणाला फुरसत नसते.

“वजन दोघांवर सारखं येतं?” त्याने विचारलं.

मी म्हणालो, कडं दांड्याच्या बरोबर मधोमध आहे. यात खोटं काय आहे दादा? कडं मधोमधच आहे.

त्याने दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली आणि बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं त्याच्या लक्षात येईल. लक्षात आलं, पण भलतंच. तो म्हणाला, हे तर सरळ आहे, एक गडी धडधाकट आणि एक खचलेला. म्हणजे धडधाकट गडी इतकी वर्षं खचलेल्याला ओढत होता. बोट माझ्याकडे होतं. “मोठा भाऊ म्हणून तू कधी तक्रार केली नाहीस, हो ना?”

मी मान खाली घातली. आता मान खाली घालणं म्हणजे हो म्हणणं असं काही नाही. लिहून घेणाऱ्याने मात्र हो लिहून घेतलं.

भट्टीवाले तात्या दाराशी येऊन उभे होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. ते म्हणाले, “साहेब, कार्डं कसली वाचता, दांडा वाचा. जिथे रोज हात असतो तिथे लोखंड चकाकतं.” डॉक्टरला ते पटलं. पुढच्या सोमवारी दांडा टेबलावर आणायला सांगितलाय.

तात्यांचं वय झालंय, त्यांना मध्ये पडायची सवयच आहे. असो. दांड्याचं मी जातीने बघतो, तू त्याचा विचार करून पाठीचं दुखणं वाढवू नकोस.

एक सुचवू का, रागावू नकोस. अर्ज मागे घेतलास तर? ताईच्या दारातच दुकान आहे, तिथे बसून काही ना काही जमेल. खुर्ची ती खुर्ची, इथली काय नि तिथली काय. आणि लोकांनी रोज कार्डं वाचायची, क्रेन क्रेन करायचं, हे तुझ्यासारख्या मानी माणसाला कशाला?

पाठीला जप. वहिनींना नमस्कार, ताईला तिच्या ‘भोपळ्या’चा लाडाचा नमस्कार, ती अजून तसंच म्हणते ना मला?

तुझा,
धाकटा


३० तारीख, गुरुवार, सकाळचे अकरा

ती. दादास,

नमस्कार. तुझं पोस्टकार्ड मिळालं. अक्षर वहिनींचं, वाक्य तुझं. ‘दांडा कुठे आहे?’ बाकी कार्ड कोरं, कडेला वहिनींनी बारीक अक्षरात दोन ओळी घातलेल्या. पोरीची चौकशी नाही, भावजयीला आशीर्वाद नाही. खुशाली विचारायची एक रीत असते, दादा.

दांडा भट्टीत गेला. आता तो पंपांच्या सातआठ झाकणांमध्ये वाटला गेलाय आणि ती झाकणं ट्रकमध्ये चढून गावाला गेली. त्या शनिवारी भंगार भरायची पाळी माझी होती. दांडा वाकला होता, आणि वाकलेला दांडा वापरायचा नाही हेही नियमातच आहे. मी मुकादमांना विचारलं होतं. ते म्हणाले, तुझं तू बघ. मी बघितलं.

टाकण्याआधी खिडकीपाशी नेऊन नीट बघितला, हे तुला सांगतो, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. तात्यांचं बरोबर होतं. तुझ्या बाजूला कड्यापासून वीतभर अंतरावर लोखंड आरशासारखं झालं होतं. माझ्या बाजूला ते थेट टोकाला. मधला सगळा दांडा काळा. एवढं स्वच्छ दिसत असेल असं मला वाटलं नव्हतं. हात कड्याच्या जितका जवळ तितका भार जास्त, लहान पोरालाही कळलं असतं की वजन कोणाकडे होतं.

पहिल्या महिन्यात मला भोवळ आली होती आणि भांडं डुचमळलं होतं, तेव्हा तू हात आत घेतलास. काही बोलला नाहीस. दुसऱ्या दिवशीही आत, तिसऱ्या दिवशीही आत. मला वाटलं, महिनाभर घेईल आणि मग म्हणेल, बस झालं आता, धर नीट. तू कधी म्हणालाच नाहीस. तुझा हात आत सरकला तसा माझा बाहेर सरकला, हेही खरं आहे. एकदम नाही, दोन दोन बोटं. तिसऱ्या वर्षी मी टोकाला पोचलो. तुला वजन जाणवत होतंच. मागे वळून एकदा बोलला असतास तर मी हात आत घेतला असता. कदाचित घेतला असता.

पण तू बोलणारा नाहीस, तू कण्हणारा. ताटावर बसताना आई गं, उठताना आई गं. घरात सगळ्यांना कळावं की कोणीतरी काहीतरी उचलतंय. आणि मी संध्याकाळी चेंडू खेळायला मैदानावर निघालो की तू खाटेवर पालथा पडून एका डोळ्याने बघायचास. माझ्या अंगात संध्याकाळी ताकद उरायची यात माझा काय दोष? उरली ती मी वापरली. डॉक्टरने कार्डावर मोजली ती तीच.

आणि ती पहिली मुलगी विसरलास? माझं ठरत आलं होतं. तिच्या बापाने सहज विचारलं, धाकटे काय करतात. तू हसून म्हणालास, “आमच्याबरोबरच असतो, पण ओझ्याचा गडी नाही हो हा, सांभाळून घ्या.” तू थट्टेत म्हणालास. त्यांनी थट्टेत घेतलं नाही. पुढे तुझी भावजय मिळाली आणि माझं काही वाईट झालं नाही, पण त्या दिवशी घरी परतताना तू माझ्या खांद्यावर हात टाकलास ना, तो मला दांड्यापेक्षा जड झाला होता.

असो. आता निकालाचं.

सोमवारी टेबलावर दांडा नव्हता. नवा आणून ठेवला, कोरा काळा. तात्या बोलायला लागले तेव्हा मुकादमांनी त्यांना भट्टीकडे पाठवलं, धग उतरत होती. डॉक्टर म्हणाला, पुरावा नाही म्हणजे कार्डं हाच पुरावा. तुझा अर्ज नामंजूर. कारण म्हणून लिहिलंय, ‘मूळची शारीरिक अपात्रता, जोडीदाराने झाकलेली.’ जोडीदार म्हणजे मी. मी तुला झाकलं.

इथपर्यंत तुला अंदाज असेल. पुढचं मी दहा दिवस लिहायचं टाळतोय. आज लिहितो, कारण आज ना उद्या कोणीतरी कळवेलच.

डॉक्टर पुढे म्हणाला की ज्याने अकरा वर्षं दोघांचं काम एकट्याने केलं त्याला मोडायच्या आधी बसवलं पाहिजे, नाहीतर हाही जाईल. स्टोअरमधली खुर्ची मला दिली. मी नको म्हणालो. एकदा म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही आणि मीही पुन्हा म्हणालो नाही. तेव्हा हे पत्र मी तिथूनच लिहितोय, कामाच्या वेळात. सकाळी सगळ्यांची हत्यारं वाटून झाली की दुपारपर्यंत फारसं कोणी येत नाही. खिडकी आहे, पंखा आहे. खुर्चीला तुझ्या पाठीला बरी पडली असती अशी उंच पाठ आहे. वाईट वाटून घेऊ नकोस, जे आहे ते लिहिलं.

घेतली नसती तर काय झालं असतं ते ऐक. तू गेल्यावर मला आठ दिवस नवा जोडीदार दिला होता. माणूस चांगला, हसतमुख, बैलासारखा. पण तो दांडा टोकालाच धरतो, माझ्यासारखा. पहिल्या दिवशी मला वाटलं भांडं जास्त भरलंय. दुसऱ्या दिवशी सव्विसाव्या पावलाला मी खाली ठेवलं. भरलेलं भांडं, वाटेत, जमिनीवर. तो म्हणाला, “काय राव, तुम्ही तर भावालाही उचलायचे म्हणे.” सगळे हसले आणि मीही हसलो, आणि दोन्ही दंड थरथरत होते ते मी पाण्याच्या पिंपाआड जाऊन दाबून धरले. तेव्हा मला वजन किती असतं ते कळलं. माझी तब्येत उत्तम आहे दादा, कार्डावर आहे तशीच आहे. ती फक्त त्या कामाची नाही.

तेव्हा आता वहिनींच्या दोन ओळींकडे येतो. तू वरच्या कामगार कचेरीत अर्ज करणार आहेस म्हणे. तिथे पायरी नाही नि साखळी नाही. तिथे भरलेलं भांडं समोर ठेवतात आणि दोघांना उचलून चाळीस पावलं चालायला लावतात. तू चालू शकणार नाहीस हे त्यांना माहीत आहे. मी चालू शकणार नाही हे फक्त तुला माहीत आहे.

म्हणून सोबत एक कागद जोडलाय. तीन ओळी आहेत. पहिली, निकाल मला मान्य आहे. दुसरी, माझी पाठ पूर्वीपासून अधू होती. तिसरी, माझ्या वाट्याचा भार माझा धाकटा भाऊ उचलत होता आणि याबद्दल माझी काही तक्रार नाही. मुकादमांनी भाषा तपासून दिली आहे. वहिनींना मोठ्याने वाचायला लावू नकोस, एकट्याने वाच.

सही केली नाहीस तर काय, असं तुझ्या मनात येईल. मी काहीच करणार नाही. मी कुठे काय करतो. चौकशी पुन्हा उघडली की मला दांड्यावर पाठवतील, दांड्यावर मी महिनाभरही टिकणार नाही, मग कंपनीने राहायला दिलेली खोली जाईल. खोली गेली की चिमीला परीक्षेआधी तिकडे यावं लागेल. ताईकडून शाळा दोन तासांवर आहे, मी विचारून घेतलंय.

चिमीचं अजून एक आहे, ते लिहू की नको असं झालं होतं. फाटकाशी फलकावर कंपनीने माझा फोटो लावलाय, खाली चार ओळी, भावाचा भार वाहणारा वगैरे. मी लावा म्हणालो नव्हतो. शाळेतून येताना तिने त्या ओळी वहीत उतरवून आणल्या आणि ‘माझा आवडता माणूस’ या निबंधात घातल्या. बाईंनी वर्गात वाचून दाखवला. मागच्या वर्षी याच विषयावर तिने तुझ्यावर लिहिलं होतं, तुझ्याकडे आहे तो निबंध, ट्रंकेत.

त्या दिवशी जेवताना तिने विचारलं, “काका, बाबा खरंच तुझ्या जिवावर होते?”

तुझी भावजय ताटाकडे बघत राहिली. तिला सगळं माहीत आहे, पण ती बोलली नाही, तीही आपल्याच घरातली झाली आता. मी पाणी प्यालो. मग म्हणालो, “असू दे गं. बाप आहे तो तुझा.”

ती जेवायला लागली. तिने माझ्या ताटात स्वतःहून वाढलं. त्यानंतर तिने तुझं नाव काढलेलं नाही. पत्रात चार ओळी लिही म्हटलं तर म्हणाली, अभ्यास आहे.

माझ्या तोंडून ते गेलं याचं मला वाईट वाटलं. पण परत घ्यायचं तर सगळंच परत घ्यावं लागेल, आणि ते आता कोणाच्याच सोयीचं नाही. तुझ्याही नाही. वर्ष तिचं आहे.

सही खालच्या रेघेवर कर. बसवत नसेल तर पालथं पडून कर, हात थरथरत असेल तर अंगठाही चालतो असं मुकादम म्हणाले. शेजारी साक्षीदार म्हणून वहिनींची सही घे. कागदावर तारीख घालू नकोस, ती मी मागची घालणार आहे.

तू कधी नाही म्हणाला नाहीस, त्या भरवशावर बसलेला,

तुझाच
धाकटा